अंगठा दाबला, सही झाली

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच जातीचे आहेत. कायद्याच्या भाषेत ज्याला सरळ फसवणूक म्हणता येत नाही, पण आपल्याला मात्र फसल्यासारखं वाटत राहतं आणि वर आपणच बावळट असं वाटून कुणाला सांगायचीही लाज वाटते, अशातले. म्हणून या वेळचं सदर सगळंच ग्राहकांना देऊन टाकलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, तशी बऱ्याच जणांनी विनंतीच केली होती.

ताई, एका अ‍ॅपने एका सर्व्हिसचे पैसे कापले. विचारलं तर म्हणाले की तुम्ही मान्य केलेल्या अटींमध्ये ते लिहिलेलं आहे. मी अटी वाचल्या नव्हत्या हे खरं आहे. मग चूक माझीच ना?

तुम्ही वाचल्या नाहीत, मी वाचत नाही, आणि ज्या वकिलाने त्या लिहिल्या तोही दुसऱ्याच्या अ‍ॅपच्या वाचत नसणार, पैज लावते. गंमत म्हणून नाही सांगत, हे मोजलेलं आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑनलाइन सॉफ्टवेअर विकत घ्यायला आलेल्या लोकांचं ब्राउझिंग तपासलं तर हजारात एखाद-दोघंच लायसन्सचं पान उघडून बघणारे निघाले, आणि त्यातल्याही बहुतेकांनी ते पूर्ण वाचायचे कष्ट घेतले नाहीत. दुसऱ्या एका प्रयोगात तर एक खोटीच सोशल नेटवर्किंग साइट तयार केली आणि अटींमध्ये लिहून ठेवलं की मोबदला म्हणून तुमचं पहिलं मूल आम्हाला द्याल. विद्यार्थ्यांनी भराभर मान्य केलं, ९८ टक्के लोकांना ते कलम दिसलंच नाही. आणि त्याआधी २००८ साली कुणीतरी हिशोबच मांडला होता, की माणूस वर्षभरात जितक्या साइट्सवर जातो त्या सगळ्यांच्या नुसत्या प्रायव्हसी पॉलिसी वाचायच्या म्हटलं तर वर्षाला साधारण २४४ तास लागतील. नोकरी कधी करायची मग?

आता हे असं का झालं त्याच्या मागे एक इतिहास आहे आणि तो माहीत असला की बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं सोपी होतात. १५ मार्च १९६२ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, एक संदेश पाठवला, त्यात ग्राहकाचे चार हक्क सांगितले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा. म्हणून तर १५ मार्चला जागतिक ग्राहक हक्क दिन असतो. पुढे १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि देशोदेशीचे कायदेही बरेचसे त्याच वळणाने गेले. त्या चारातला माहितीचा हक्क सरकारांना फार आवडला, कारण तो स्वस्तात देता येतो. लेबलवर छापा, अटी दाखवा, सही घ्या, झालं संरक्षण. त्या काळात ते पुष्कळ होतं, कारण तेव्हा वस्तूवर काय आहे हेच कुणी सांगत नव्हतं. पण हा कायदा चष्मा लावून सावकाश वाचणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय आणि आपण खरेदी करतो ती बसमध्ये उभ्याउभ्या, अंगठ्याने.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : मान्य केलं म्हणून काहीही चालतं असं नाही. युरोपात १९९३ पासून नियम आहे की ग्राहकाशी स्वतंत्रपणे न ठरवलेली, त्याच्यावर उघडउघड अन्याय करणारी अट त्याला बांधत नाही, बाकीचा करार चालू राहतो पण ती अट गळून पडते. आणि अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ धरायचा. भारताच्या २०१९ च्या कायद्यातही अनुचित करार ही कल्पना आली आहे. तेव्हा कंपनीला लेखी विचारा की नेमकी कुठली अट, ती मला पैसे भरायच्या आधी कुठे दाखवली, आणि त्या पैशांच्या बदल्यात मला काय दिलंत. तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळदा गाडी अडकते त्यांची.

फ्री ट्रायल घेतलं होतं, एका क्लिकमध्ये चालू झालं. बंद करायला गेले तर बटणच सापडेना. आठ महिने पैसे जातायत. मी आळशी आहे असं नवरा म्हणतो.

नवऱ्याला सांगा की माझ्या आळसाचा अभ्यास करून धंदा उभा केलाय लोकांनी, माझी एकटीची कर्तबगारी नाही ती.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी एक ऑनलाइन क्लास लावला होता, पहिला महिना फुकट, आणि मी दुसऱ्याच आठवड्यात जायचं सोडलं पण बंद केलं पाच महिन्यांनी. बंद करताना आधी विचारलं का जाताय, मग म्हणे अर्ध्या किमतीत राहा, मग म्हणे काही दिवस थांबवून ठेवा, आणि शेवटी दोन बटणं, त्यातलं मोठं रंगीत बटण होतं ‘विचार बदलला, राहते’ आणि खाली बारीक फिक्या अक्षरात ‘नाही, मला स्वतःत सुधारणा नकोय’. म्हणजे पैसे वाचवायचे तर आधी स्वतःची लायकी काढून घ्यायची!

याला डार्क पॅटर्न म्हणतात. हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये हा शब्द आणला, आणि आत जाणं सोपं पण बाहेर पडणं अवघड अशा प्रकाराला त्याने झुरळं पकडायच्या सापळ्याचं नाव दिलं. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर मुद्दाम घातलेल्या असल्या अडथळ्यांना स्लज म्हणतात, म्हणजे गाळ. पाय टाकला की रुततो.

आणि आळसाचं म्हणाल तर तो सगळ्यांत असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेला जिमचा एक अभ्यास फार बोलका आहे. महिन्याची मेंबरशिप घेतलेले लोक इतके कमी वेळा जात होते की त्यांना दहा वेळांचा पास परवडला असता, आणि शेवटचं जिममध्ये गेल्यापासून मेंबरशिप बंद करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. कारण मेंबरशिप घेताना आपण स्वतःचा हिशोब करतो तो आदर्श स्वतःचा, पुढच्या सोमवारपासून उठणाऱ्याचा. दुसरी बाजूही सांगते, २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीचा अभ्यास आला होता, तिथे नव्या नोकरदारांना निवृत्तीच्या बचत योजनेत आपोआप घालायला सुरुवात केली, नको असेल तर बाहेर पडा म्हणाले. सहभागी होणारे एकदम प्रचंड वाढले आणि त्यातले बरेच जण कंपनीने ठरवून दिलेल्या हप्त्यालाच चिकटून राहिले. म्हणजे ‘आधीच टिक केलेली खूण’ ही ताकद आहे, ती चांगल्यासाठीही वापरता येते, प्रश्न इतकाच की खूण कुणी कुणाच्या फायद्यासाठी केली.

सरकारांना हे कळायला वेळ लागला पण कळतंय. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार करता येत असेल तर तो संपवायचं बटणही तिथेच ठळक दिसलं पाहिजे. कॅलिफोर्नियात २०१८ पासून ऑनलाइन घेतलेलं सबस्क्रिप्शन ऑनलाइनच बंद करता आलं पाहिजे असा नियम आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्या देशासाठी असा नियम काढला, पण तो पूर्ण लागू व्हायच्या आत जुलै २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला, कारण काय तर नियम करताना ठरलेली प्रक्रिया पाळली नाही. चिडायला होतं ना? पण याच कमिशनने अ‍ॅमेझॉनवर प्राइमच्या सबस्क्रिप्शनवरून केस केली होती, त्यातली एक गोष्ट मी विसरूच शकत नाही : कंपनीच्या आत रद्द करण्याच्या त्या प्रक्रियेला नाव दिलेलं होतं इलियड. होमरचं महाकाव्य! आपण मारुतीचं शेपूट म्हणालो असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरला मिटलं. भारताने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ प्रकारचे डार्क पॅटर्न नाव घेऊन सांगितलेत, त्यात सबस्क्रिप्शनचा हा सापळा आहे आणि माझ्या त्या सुधारणा-नकोय बटणासारखं लाजवून राहायला लावणंही आहे.

तुम्ही काय करायचं : बटण शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. ईमेल करा की अमुक तारखेपासून मी हे बंद करतेय, यापुढे पैसे घ्यायला माझी संमती नाही, आणि त्याच दिवशी बँकेच्या किंवा कार्डाच्या बाजूने ऑटो-पे बंद करा. आणि पुढच्या वेळी ट्रायल घ्याल तेव्हा चालू केल्या क्षणी बंद करून टाका, बऱ्याच ठिकाणी ट्रायल संपेपर्यंत तरीही चालू राहतं. मी आता असंच करते.

सेलमध्ये ७० टक्के सूट दिसली म्हणून घेतलं. मैत्रीण म्हणते ती वस्तू नेहमी त्याच किमतीला असते. मग ७० टक्के कशाचे?

हवेचे.

खोडून दाखवलेला मोठा आकडा हा किमतीबद्दलची माहिती म्हणून वाचूच नका, तो खिळा आहे, आपलं डोकं तिथे टांगायला. १९७४ साली ट्वर्स्की आणि काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेला प्रयोग आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवायचे, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकन देश किती टक्के असतील. ज्यांनी १० पाहिला त्यांचा मधला अंदाज २५ आणि ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? तसाच खोडलेल्या किमतीचा आणि वस्तूच्या खऱ्या मोलाचा.

युरोपात २०२२ च्या मे महिन्यापासून नियम आहे की सूट जाहीर करायची तर गेल्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमतही दाखवायची. मग दुकानं हुशार, ती किंमत कोपऱ्यात बारीक लिहायची आणि टक्के मात्र जुन्या मोठ्या किमतीवरून काढायची. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की हे चालणार नाही, टक्केसुद्धा त्या ३० दिवसांतल्या कमीत कमी किमतीवरूनच काढा. बघा, इथे नुसती माहिती दिली की झालं हा विचार कोर्टानेच बाजूला ठेवला, कारण माहिती तर दिलेलीच होती.

याचा चुलतभाऊ म्हणजे शेवटच्या पानावर उगवणारी फी. आधी एक किंमत, मग सर्व्हिस चार्ज, मग अजून काहीतरी हाताळणी शुल्क. अमेरिकेतल्या एका तिकीटविक्री साइटवर हे लाखो लोकांवर तपासून पाहिलं होतं, ज्यांना फी शेवटी दाखवली त्यांनी आधीपासून सगळं दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. कारण तोपर्यंत सीट निवडलेली, नाव-पत्ता भरलेला, मनाने आपण तिथे जाऊन बसलेलो असतो, आता परत कोण फिरणार. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून टाळता न येणारी फी पहिल्या किमतीतच धरायला लावलीय.

माझा साधा उपाय, घेण्याआधी वरचा खोडलेला आकडा अंगठ्याने झाकायचा आणि स्वतःला विचारायचं की एवढ्याला घेतली असती का. अंगठ्याचा काहीतरी सदुपयोग.

पाकीट तेवढंच, किंमत तेवढीच, आत माल कमी. हे कायदेशीर आहे?

पाकिटावर वजन खरं छापलं असेल तर बहुतेक ठिकाणी हो. किंमत वाढली तर आपण बोंब मारतो, वजन घटलं तर लक्षात येत नाही, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना असा माल असेल तर त्याच्याजवळ तसा बोर्ड दोन महिने लावावा लागतो. बोर्ड दुकानदाराने लावायचा, माल कमी केला कारखान्याने, यावर तिथले दुकानदार कुरकुरले, आणि त्यात त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला वाटत नाही. आपण पाकिटाची किंमत न बघता किलोमागची किंवा नगामागची किंमत बघायची सवय लावून घेणं, एवढंच हातात.

रिव्ह्यूवर किती विश्वास ठेवायचा? मी तर चार स्टारच्या खाली काही घेतच नाही.

तुमच्यासारखे खूप आहेत म्हणूनच स्टार विकत मिळतात. अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांवर हार्वर्डच्या एका संशोधकाचा अभ्यास आहे, एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं. आणि ही वाढ मुख्यतः स्वतंत्र रेस्टॉरंटांमध्ये दिसली, साखळी ब्रँडमध्ये नाही, कारण साखळीत काय मिळणार ते माहीतच असतं. म्हणजे जिथे आपल्याला आधी काही ठाऊक नाही तिथे स्टारला भाव, आणि जिथे स्टारला भाव तिथेच खोटा स्टार टाकायचा मोह.

अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन प्रकार करतात ते मला इथे फार उपयोगी वाटतात. काही गोष्टी घ्यायच्या आधी बघून कळतात, जसं खुर्चीचा रंग. काही वापरल्यावरच कळतात, जसं ती खुर्ची पाठीला सोसते का. आणि काही वापरूनही कळत नाहीत, मेकॅनिकने जो पार्ट बदलला तो खरंच बदलायची गरज होती का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पहिल्या प्रकाराला रिव्ह्यू लागतच नाही, दुसऱ्याला रिव्ह्यू खरंच मदत करतो, आणि तिसऱ्यात पाच स्टारचा अर्थ एवढाच की माणूस बोलायला गोड होता. तिथे दुसऱ्या जाणकाराचं मत घ्या, स्टार मोजत बसू नका.

नियमांचं म्हणाल तर अमेरिकेत २१ ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं, विकत घेणं, अस्तित्वातच नसलेल्या माणसांच्या नावाने एआयने लिहिलेले रिव्ह्यू, हे सगळं दंडाला पात्र आहे. युरोपात साइटला सांगावं लागतं की रिव्ह्यू देणारा खरा ग्राहक आहे हे आम्ही तपासतो का आणि कसं. मी स्वतः तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचते. पाच स्टार देणारा खूश असतो, एक देणारा चिडलेला, तीन देणाऱ्यालाच काहीतरी सांगायचं असतं.

वॉरंटी संपली आणि महिन्याभरात मशीन बंद. हे मुद्दाम करतात का हो? आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायला हवी होती का?

मुद्दाम केल्याचं इतिहासात एक तरी पक्कं उदाहरण आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र आल्या, फीबस नावाची टोळी, टोळीच म्हणते मी. तेव्हाचे बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे, त्यांनी ठरवलं की १००० तासच चालले पाहिजेत, आणि ज्या कंपनीचा बल्ब जास्त टिकेल तिला दंड! दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ते मोडलं. कमी तास चालणारा बल्ब जास्त उजेड देतो असा बचाव त्यांनी केला होता, आणि तो तांत्रिकदृष्ट्या पूर्ण खोटाही नाही, पण मग जास्त टिकल्याबद्दल दंड कशाला?

आजच्या प्रत्येक मशीनमागे अशी टोळी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बऱ्याचदा आपणच स्वस्त आणि पातळ मागतो, मग बॅटरी चिकटवलेली येते आणि उघडायला गेलं की तुटते. पार्ट मिळत नाही, मिळाला तर नव्याच्या निम्म्या किमतीला, आणि माणूस वैतागून नवीन घेतो. ही वैतागाची पायरी कमी करायची म्हणून फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर १० पैकी दुरुस्तीचे मार्क लावायला लावले. युरोपने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे हमीच्या काळात तुम्ही बदलून न घेता दुरुस्त करून घेतलंत तर हमी एक वर्षाने वाढते. उपदेश न करता दुरुस्तीकडे वळवायचं.

आता तुमचं मशीन. कंपनीने कार्डावर छापलेली वॉरंटी आणि कायद्याने मिळणारी हमी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, दुकानदार पहिलीबद्दलच बोलतो. युरोपात कायद्याची हमी किमान दोन वर्षं असते आणि पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, नसल्याचं विक्रेत्याने सिद्ध करायचं. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा काय म्हणतो ते आधी बघा, कंपनीचं कार्ड नंतर. आणि एक्स्टेंडेड वॉरंटी, माझं स्पष्ट मत, बहुतेक वेळा नको. ती विकली जाते नेमक्या त्या क्षणी जेव्हा नवीन वस्तू हातात असते आणि ती मोडेल या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. त्या गोळ्याची किंमत असते ती. तेवढे पैसे बाजूला टाका, जे मशीन बिघडेल त्याला वापरा.

मी कॉलेजात आहे. रात्री दोन वाजता फोनवर काहीतरी ऑर्डर करते आणि सकाळी पश्चात्ताप. यावर काही कायदा आहे का, हसू नका प्लीज.

हसत नाही ग, खरंच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत दारोदार फिरणाऱ्या सेल्समनसाठी नियम झाला, घरी येऊन विकलंस तर गिऱ्हाइकाला तीन दिवसांत मन बदलायची मुभा. कारण सोपं, घरात शिरलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. आता सेल्समन उशाशी झोपलेला असतो. युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, आणि जून २०२६ पासून त्यासाठीही वेगळं बटण द्यावं लागणार असं ठरलंय. सगळ्या देशांत अशी सोय नाही, आणि असली तरी मापाने शिवलेलं, सील उघडलेलं, डाउनलोड केलेलं यांना ती लागू होत नाही, त्यामुळे तुझ्याकडे काय आहे ते ऑर्डरच्या आधी बघ.

‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ दिसलं की पान रिफ्रेश करून बघ. घड्याळ परत पहिल्यापासून सुरू झालं तर समजून जा. आणि कार्ड सेव्ह करून ठेवू नकोस. रात्री दोनला उठून पर्स शोधायची म्हटलं की निम्म्या वस्तू नकोशा होतात. कंपन्या गाळ टाकतात ना आपल्या वाटेत, थोडा आपणही स्वतःच्या वाटेत टाकावा.

तक्रार करून काही होतं का? एवढ्याशा रकमेसाठी कोण वेळ घालवणार?

हाच हिशोब समोरचाही करतो. लाखो लोकांकडून थोडेथोडे घेतले तर कुणीच भांडायला येत नाही. म्हणूनच स्वीडनने १९७१ मध्ये ग्राहकांसाठी वेगळा ओम्बुड्समन, म्हणजे त्यांच्या बाजूने लढणारा सरकारी अधिकारी, नेमला, आणि म्हणूनच सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावायची सोय अमेरिकेत जुनी आहे, आता युरोपातही आली. तुमची एकटीची तक्रार कदाचित तुमचे पैसे परत आणणार नाही, पण तपास करणाऱ्यांच्या टेबलावर तसल्याच हजार तक्रारी असल्या तरच फाइल हलते.

लिहायची कशी ते सांगते, कारण येणारी निम्मी पत्रं मला कळतच नाहीत. कथा नको, तारखा हव्यात. काय घेतलं, काय मिळालं, काय हवंय (रिफंड, बदली की दुरुस्ती, एकच काहीतरी), आणि किती दिवसांत. राग खरा असतो हो पण तो दुसऱ्या परिच्छेदात घाला, पहिल्या परिच्छेदात ऑर्डर नंबर. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत घेता येते का तेही विचारा, त्याला मुदत असते आणि ती भांडणात निघून जाते.

आता तर एआय आपल्यासाठी खरेदीही करणार म्हणे. चुकीचं सांगितलं त्याने तर जबाबदार कोण?

याचं एक छान उत्तर कॅनडातून आलंय. तिथे एका प्रवाशाने घरातल्या माणसाच्या मृत्यूनंतर प्रवास करायचा म्हणून एअर कॅनडाच्या चॅटबॉटला सवलतीबद्दल विचारलं. चॅटबॉट म्हणाला आधी तिकीट काढा, नंतर ९० दिवसांत सवलतीचा अर्ज करा. प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा होता, आधीच अर्ज करायचा. पैसे परत मागितल्यावर कंपनीच्या बचावाचा मथितार्थ असा निघत होता की चॅटबॉट जणू वेगळी व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, शिवाय खरा नियम वेबसाइटच्या दुसऱ्या पानावर होताच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने दोन्ही फेटाळलं. चॅटबॉट हा तुमच्या वेबसाइटचाच भाग आहे, आणि एका पानावर सांगितलेलं खरं आहे का हे दुसऱ्या पानावर जाऊन ताडून बघायची जबाबदारी ग्राहकाची नाही.

न्यायाधिकरण लहान, रक्कम लहान, दुसऱ्या कोर्टांना तो निकाल बांधत नाही. तरी ते दुसऱ्या पानावरचं वाक्य मला फार आवडलं, पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनी ते कापून ठेवावं. पण तुमचा स्वतःचा एआय तुमच्या वतीने एखाद्या साइटवर ‘मान्य आहे’ दाबेल तेव्हा सही कुणाची, तुमची, ते बनवणाऱ्याची की अटी लिहिणाऱ्याची, यावर अजून भांडणं व्हायची आहेत. तो निदान अटी वाचेल तरी, अशी एक भाबडी आशा मला आहे. तोवर मी कुठल्याही चॅटबॉटशी बोलताना स्क्रीनशॉट काढत जाते. तो गोड बोलत असतो आणि मी पुरावा गोळा करत असते.